आप्पांचा उजवा डोळा

आप्पांकडे कॅमेरा घेऊन गेलं की ते आधी कॅमेऱ्याला हातच लावत नसत. आलेल्या माणसाला गच्चीवर पिटाळायचे. "जावा वर. आभाळाचा एक फोटो काढून आणा. ढग नको, पाखरू नको, केबल नको. नुसतं आभाळ. आन् भिंगाचं छिद्र बारीक ठेवा, न्हाईतर कण लपतोय." चिखलीतल्या त्या तीनमजली इमारतीच्या गच्चीवरून मी जितकं आभाळ बघितलं, तितकं जन्मात दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

खाली आलं की तो फोटो मोठ्या पडद्यावर लागायचा. राखाडी निळ्या आभाळात पाच-सात पुसट ठिपके दिसायचे. आप्पा खुर्ची पुढे ओढायचे, मान तिरकी करायचे आणि खुशीत म्हणायचे, "आलं का पाव्हणं!" समोर गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं असायचं, पण आप्पांचं सगळं लक्ष त्या ठिपक्यांकडे.

कॅमेऱ्याच्या पोटात, भिंगाच्या मागे, एक चकचकीत चौकोनी काच असते. चित्र तिच्यावर पडतं. तिला सेन्सर म्हणतात. भिंग बदलताना आत धूळ शिरली की ती तिथे ठाण मांडून बसते आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग. नवरीच्या गालावर, सासऱ्याच्या फेट्यावर, अक्षतांच्या मधोमध. मी लग्नांचे फोटो काढते, त्यामुळे हा डाग म्हणजे काय छळ असतो ते मला विचारा. सोपानआप्पा ती धूळ काढायचे. आता काढत नाहीत. त्यांचा उजवा डोळा गेला. तो माझ्यामुळे गेला असं मी म्हणते, ते म्हणतात, "न्हाई." आमचा हा वाद अजून चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आप्पा मूळचे चाकणजवळच्या एका खेड्यातले. शेत एमआयडीसीत गेलं आणि आप्पा एका मोटार कंपनीत रंगखात्यात लागले. तिथे बावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. ताज्या रंगवलेल्या गाडीवर धुळीचा कण बसलाय का, ते शोधायचं. पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली दर दोन मिनिटांना एक गाडी पुढे सरकायची आणि हा माणूस तिच्याभोवती वाकून वाकून फिरायचा. कामावर जाताना पावडर लावायची नाही, अत्तर नाही, लोकरीचं काही अंगावर नाही. "आमची ही सांगती का, लग्नानंतर बावीस वर्सं माझा नवरा बिनवासाचा हुता," असं ते सांगायचे आणि आतून काकू ओरडायच्या, "आन् कॉटखालचा कचरा मातर ह्यांना कधी दिसला न्हाई!"

मग कंपनीने गाड्या तपासायला वर कॅमेरे बसवले. आप्पांसारख्या आठ-दहा जणांना पैसे देऊन घरी बसवलं. दुसरा कुणी असता तर त्या कॅमेऱ्याला शिव्या घालत बसला असता. आप्पांना भलतंच कुतूहल. "जाताजाता एक मजा झाली बघ. त्या कॅमेऱ्याच्या आतच कण बसला आन् बेट्यानं सबंध शिफ्टच्या गाड्या नापास केल्या! सायेब डोकं धरून बसले. म्या म्हणलं, सगळ्या गाड्यांना एकाच जागी डाग कसा आसंल? डाग गाडीवर न्हाई, बघणाऱ्यात हाय." ज्याने आपली जागा घेतली त्याच्या पोटात काय आहे ते बघायचं, ह्या एका नादापायी त्यांनी घरी आल्यावर जुना कॅमेरा विकत घेतला, खोलला, बिघडवला, परत एक घेतला. वर्षभरात पिंपरी-चिंचवडमधले निम्मे फोटोग्राफर त्यांच्या दारात.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती माती खाऊन. चिखलीतल्याच एका स्प्रिंगांच्या वर्कशॉपमध्ये मालाचे फोटो काढत होते. फोटोत डाग दिसायला लागला. मी भिंग काढून आत डोकावत होते, तर लेथवरचा एक जण म्हणाला, "मॅडम, एअर मारू का?" आपल्याकडे कंप्रेसरच्या हवेची ही सवयच आहे. मशीन साफ करायचं तर एअर, कपडे झटकायचे तर एअर, सुट्टी झाली की डोक्याचे केससुद्धा एअरनेच साफ. मी उतावळी. म्हटलं, मार. त्याने मारली. कॅमेऱ्यात आधी एक डाग होता, आता पावसाचे थेंब पडल्यासारखी नक्षी झाली.

आप्पांनी पडद्यावर बघितलं, पण त्या दिवशी "पाव्हणं" म्हणाले नाहीत. "हे कंप्रेसरचं तेल हाय. आन् पाणी. कुणी मारली हवा?"

मी वर्कशॉपचं सांगितलं.

"ताई, ती हवा आमी गाडीच्या पत्र्यावर मारायला भीत हुतो. तुमी कॅमेऱ्याच्या बुबुळावर मारली व्हय? धन्य हाय!"

"आजच्या आज होईल का? संध्याकाळी साखरपुडा आहे."

"घाई आसंल तर दुसरीकडं जावा," आप्पा शांतपणे म्हणाले. हा त्यांचा नियम होता. घाईचं काम ते घेत नसत, मग समोर कुणी का असेना. मी मैत्रिणीचा कॅमेरा मागून साखरपुडा उरकला आणि दुसऱ्या दिवशी गपगुमान परत गेले.

त्यांचं काम बघणं म्हणजे एक सोहळा होता. आधी आंघोळ. मग कंपनीतला तो जुना, धागा न सुटणारा झगा. खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, म्हणजे उडालेली धूळ खाली बसली की तिथेच चिकटते. गिऱ्हाइकाने शाल किंवा स्वेटर घातला असेल तर बाहेर. "आता कुणी बोलायचं न्हाई. बोललं की थुंकी उडती, दिसत न्हाई, पर उडती." मग कॅमेरा तोंड खाली करून धरायचा आणि रबरी फुग्याने फुस्स, फुस्स. परत आभाळाचा फोटो. जे ठिपके गेले ते कोरडे होते. जे राहिले त्यांच्यासाठी पट्टी, तिच्यावर औषधाचे दोन थेंब, आणि काचेवरून एकच हात. डावीकडून उजवीकडे, एकदम सरळ, ना जोर ना थरथर. पट्टी उलटी करून परतीचा एक हात. ती पट्टी मग टाकून द्यायची, पुन्हा नाही वापरायची. ठिपका फोटोत वर दिसत असेल तर काचेवर तो खाली असतो, हे मला सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं.

पण पुसायच्या आधी ते बघायचे. घड्याळजीच्या भिंगातून, उजव्या डोळ्याने. त्यांच्या लेखी खरं काम तेच. "आधी बघ, मग हात लाव. पुसलास की गेलं. आपल्याकडं कोण आलं हुतं, कुठनं आलं हुतं, कायच कळायचं न्हाई." हळद कुठली, सतरंजीचा धागा कुठला, ग्राइंडिंगची चमचमती भुकटी कुठली, हे ते ओळखायचे. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीतले साहेब आले होते, कॉम्प्युटरमधले. म्हणाले, कॅमेरा घरातून बाहेर जातच नाही. आप्पा भिंगातून बघत म्हणाले, "कोण तरी जेजुरीला जाऊन आलंय. भंडारा हाय ह्यो." साहेब म्हणाले शक्यच नाही. मग त्यांनी घरी फोन लावला. बायकोने आपल्या भावाला कॅमेरा दिला होता, कुलदैवताला जाताना, आणि नवऱ्याला पत्ता नव्हता! साहेब लालबुंद. आप्पा त्यांना समजावत होते, "आवो, देवाचा परसाद हाय, आसूद्या की. पर मेव्हण्याला म्हणावं, उधळताना भिंग काढू नगं."

मी तिथे काम नसताना पण जायला लागले. आप्पांनी मला "ताई"ची "पोरी" केलं, "तुमी"चं "तू" केलं. काकू चहा टाकायच्या. मी विचारायचे, "आप्पा, एवढं काढता, परत बसतेच ना?" तर म्हणायचे, "धूळ जात न्हाई पोरी, जागा बदलती. हितनं काढली, तिथं बसली. आपुन फकस्त तिला सांगायचं, बाई, हितं नगं बसू." आणि मी काही घाईत बोलले की ठरलेलं, "उतावळी नवरी, गुडघ्याला बाशिंग!" लग्न न झालेल्या बाईला हे ऐकवायचं म्हणजे काय! पण मला राग यायचा नाही. माझ्यावर असं कौतुकाने हसणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्यांच्याकडून मी शिकले ती डाग शोधायची रीत. डाग दिसला की एका वेळी एकच वस्तू बदलायची. भिंग बदल. डाग गेला तर भिंगात होता. राहिला तर पडदा बदल. तरी राहिला तर काचेवर. दोन वस्तू एकदम बदलल्या तर कळत नाही दोष कुणाचा. "दोगांवर एकदम आळ घिऊ नये," असं ते म्हणायचे.

तो शनिवार होता. आळंदी रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्न, मुहूर्त पाऊण वाजताचा. आदल्या दिवशी हळदीला पोरांनी मुठी भरभरून हळद उधळली होती आणि त्यात मी भिंग बदललं होतं. आप्पांनी इतकं सांगूनही. सकाळी साडेनऊला मी चिखलीत हजर.

दारातच काकू भेटल्या. पायात चपला, हातात पिशवी. आप्पा मागे उभे, उजवा डोळा चोळत. "कालपासनं डोळ्यात कायतरी गेलंय," ते म्हणाले. "धू धू धुतला, निघंना. ही म्हणती दवाखान्यात चल. एक वाजता बंद हुतो."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "आप्पा, कचरा गेला असेल हो. एवढं माझं करून द्या, अर्ध्या तासाचं काम. मग मी स्वतः गाडीवरून सोडते तुम्हाला."

काकूंनी आप्पांकडे बघितलं. ज्या माणसाने घाईचं काम जन्मात घेतलं नाही, तो म्हणाला, "चल." काकूंनी चपला काढल्या.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. हळद तेलकट असते, सहज सुटत नाही. आप्पा त्या दिवशी डाव्या डोळ्याला भिंग लावत होते, सवय नसल्याने मान अवघडत होती. शेवटी पडद्यावर स्वच्छ आभाळ आलं. मी म्हटलं, "झालं!"

"न्हाई. एक ऱ्हायलाय. वर, उजव्या अंगाला. मोठा हाय."

"कुठे? काही नाही तिथे."

"हाय की. काळा." त्यांनी भिंग बदलायला लावलं. मी धावत गच्चीवर, धावत खाली. "हाय." पडद्याऐवजी माझ्या फोनवर बघितलं. "हाय." मग त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. डावा डोळा हाताने झाकला. मग उजवा झाकला. परत डावा. आणि आप्पा हसले. खरंच हसले, हरवलेली वस्तू सापडावी तसे.

"आयला! सापडला. ह्यो माझ्यातला हाय, पोरी. भिताडावर बी दिसतोय. नजर फिरंल तसा फिरतोय. आन् कडंनं पडद्यागत काय तरी खाली येतंय." ते परत डोळा झाकून बघायला लागले. "ह्याला धुऊन काय उपेग न्हाई. आतलं काम हाय."

त्या क्षणी मला आप्पांच्या डोळ्याची काळजी वाटायला हवी होती. ती वाटली नाही. लाज वाटते लिहायला, पण मला हायसं वाटलं. कॅमेरा स्वच्छ होता! साडेअकरा वाजून गेले होते आणि कार्यालय दहा-अकरा किलोमीटर, तेही त्या रस्त्याने. मी बॅग भरायला लागले. आप्पांनी बघितलं. "तू जा. मुहूर्त थांबायचा न्हाई. आमी जाऊ रिक्षानं." मी म्हटलं, "नक्की?" आणि उत्तर ऐकायला थांबले नाही.

त्यांना तासभराने रिक्षा मिळून, वाहतुकीतून वाट काढत दवाखान्यात पोचेपर्यंत दीड वाजला. डॉक्टर गेले होते. रविवारी बंद. हे तातडीचं असतं हे ना त्यांना माहीत, ना मला. सोमवारी डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. शनिवारी आला असता तर मधला भाग बहुतेक वाचला असता. ऑपरेशन केलं, पण उजेड आणि सावली एवढंच उरलं.

मला हे कळलं दहा दिवसांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा. काकू म्हणाल्या, "ते पालथे झोपलेत," आणि फोन ठेवला. मी गेले. आप्पा खरंच पालथे होते, तोंड उशीच्या खाचेत. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता, तो पडद्याला दाबून धरणार, म्हणून मान खालीच ठेवायची. मी रडायला लागले तर उशीतून आवाज आला, "कोण, सुजाता? आगं, मजा आईक. बुडबुडा दिसतोय मला! गवंड्याच्या लेवलच्या नळीत आसतो न्हवं, तसा. मान हालवली की डुलतो. डाक्टरला इचारलं, कंचा वायू हाय? तो म्हणला, आजवर कुणी इचारलं न्हाई."

त्यानंतर मी दर शनिवारी जायला लागले. सामान त्यांनी विकून टाकलं. मी म्हटलं, डावा डोळा आहे की. ते म्हणाले, "एका डोळ्याला लांबी कळत न्हाई. पट्टी काचंला टेकली का न्हाई ते अंदाजानं ठरवायचं? लोकाच्या कॅमेऱ्यावर अंदाज न्हाई चालायचा." विषय संपला. माझ्याशी भांडण मात्र संपेना. मी म्हणायचे, माझ्यामुळे झालं. ते म्हणायचे, "तू काय मला दोरीनं बांधलं हुतंस व्हय? मलाच त्या हळदीचा नाद लागला हुता." कधी म्हणायचे, तसंही गेलाच असता. मला ते पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. त्या शनिवारातून मला काढून बघायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे कोण करून दाखवणार?

काकू मात्र ह्या वादात कधी पडल्या नाहीत. चहा द्यायच्या, बशीत बिस्किटं ठेवायच्या आणि आत जायच्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन महिने मी तो चहा प्याले. शेवटी एका शनिवारी त्या कप उचलायला आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. "काकू, त्या दिवशी सोडते म्हणाले आणि गेले मी."

"व्हय," काकू म्हणाल्या. "गेलीस."

एवढंच. मग कप तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. आप्पा कॉटवर उठून बसले.

"त्या लग्नाचे फोटू हायत का तुझ्याकडं?"

लॅपटॉप बॅगेत होता. मी उघडला. काकू जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि एकेक फोटो बघायला लागल्या. घाई नाही. मुंडावळ्या, मामा, अंतरपाट, रुसलेली करवली, ओळखीचं कुणी नाही, तरी प्रत्येक फोटोपाशी थांबत होत्या. एका फोटोत नवरी गच्चीच्या कठड्याशी उभी होती, मागे सगळं मोकळं आभाळ. तिथे त्या पुढेच सरकेनात. पदराने पडदा पुसला, वाकून डोळे बारीक करून कोपरान् कोपरा बघितला. ह्या बाईने आजवर नवऱ्याच्या कामात कधी डोकावून बघितलं नव्हतं.

"न्हाई ओ," त्या आप्पांकडे बघून म्हणाल्या. "एक बी डाग न्हाई. लख्ख हाय."

"मग!" आप्पा म्हणाले.

काकूंनी लॅपटॉप मिटून माझ्या मांडीवर ठेवला. कप उचलले. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मंगळवारी डाव्या डोळ्याची तपासनी हाय. धाला बोलवलंय. गाडी घिऊन ये."

मी मान हलवली.

"आन् लगीन आसलं तरी ये."

"येते," मी म्हटलं.